संपल्यावरचं रिकामपण कुणाच्या डोळ्यांत खुपतं?

गाजलेली एखादी मालिका संपली, की ठरल्यासारखा एक वाद पेटतो. शेवटचा एपिसोड बघून कुणीतरी लिहितं की दोन दिवस कशातच जीव रमत नाहीये, काम करताना तीच माणसं डोळ्यांसमोर येतात, दुसरं काही लावलं तर दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं. लगेच एक गट तुटून पडतो : खोटी माणसं ती, खऱ्या आयुष्यात काही उद्योग नाही का? दुसरा गट बचावाला धावतो आणि बचाव करता करता त्या बिचाऱ्याला थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभा करतो : हे डिप्रेशन आहे, हलक्यात घेऊ नका. मोठा गेम संपवलेल्यांच्या वाट्यालाही हेच येतं, फक्त तिथे हेटाळणी जरा जास्त. दोन्ही गट एकमेकांवर कितीही तुटून पडले तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे : हे रिकामपण म्हणजे बिघाड आहे आणि तो जितक्या लवकर दुरुस्त होईल तितकं बरं. माझा आक्षेप या एकमतालाच आहे. मन लावून बघितलेल्या किंवा खेळलेल्या गोष्टीनंतर येणारं रिकामपण हा त्या गोष्टीचाच शेवटचा भाग असतो. तो पडद्यावर दिसत नाही, एवढंच. तक्रार करायचीच असेल तर ते येऊच नये म्हणून जो खटाटोप चालतो त्याबद्दल करायला हवी.

हेटाळणी करणाऱ्यांची बाजू त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली मांडणारा माणूस सोळाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात शाळकरी वयातली गोष्ट सांगितली आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातली राणी डिडो प्रेमापायी जीव देते, ते वाचून हा मुलगा रडला, आणि स्वतःच्या आत्म्याची अधोगती होत होती तिच्यासाठी मात्र डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. पुढे नाटकांबद्दल तो आणखी टोकदार बोलतो : तिथे प्रेक्षकाला कुणाच्या मदतीला बोलावलेलं नसतं, नुसतं दुःख करायला बोलावलेलं असतं. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही. पडद्यावरच्या मरणाने हमसून रडणारा माणूस शोकात असलेल्या मित्राला साधा फोन करत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पात्रासाठी वाटणारं दुःख स्वस्त असतं, कारण ते आपल्याकडून काहीच मागत नाही.

पण या युक्तिवादाच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे. भावनांचा साठा ठरलेला असतो, इकडे खर्च झाला की तिकडे कमी पडतो, असं ते गृहीतक. याला आधार काय? ज्यांना कुठल्याच कथेने हलवलं नाही अशी माणसं शेजाऱ्याच्या अडीअडचणीला जास्त धावून जातात, असा अनुभव तरी कुणाचा आहे? आणि दुसरं म्हणजे ऑगस्टीनचं रडणं कथेच्या आतलं होतं, डिडो मरते त्या ओळीवरचं. आपण ज्या रिकामपणाबद्दल बोलतोय ते कथा संपल्यावर येतं आणि शेवट गोड असला तरी येतं. सगळी मंडळी सुखात नांदू लागतात, जोड्या जमतात, विनोदी मालिकेचा शेवट हसतखेळत होतो, तरीही दुसऱ्या दिवशी सुनंसुनं वाटतंच. हे नुसतं पात्रांसाठीचं दुःख असतं तर सुखांताने ते मिटायला हवं होतं. जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हरकत नाही. हे लिहिताना ऑगस्टीन चाळिशी ओलांडलेला बिशप होता. म्हणजे जे रडणं वाया गेलं असं तो म्हणतो, ते त्याला तीसेक वर्षांनंतरही लख्ख आठवत होतं.

‘खोटी माणसं’ हा मुद्दाही फार दूर जात नाही. एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा सहा खंडांचा इतिहास लिहिला. त्यातली माणसं अगदी खरी, आणि तो स्वतः वाचक नव्हे, लेखक. 27 जून 1787 च्या रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान लोझानमधल्या बागेतल्या छोट्या घरात त्याने शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळी लिहिल्या, लेखणी खाली ठेवली आणि बाभळीच्या जातीच्या झाडांखालून येरझारा घातल्या. पहिल्यांदा मोकळं झाल्याचा, आता नाव होईल याचा आनंद झाला. तो फार टिकला नाही. एका जुन्या, हव्याहव्याशा सोबत्याचा आपण कायमचा निरोप घेतला, या विचाराने मन उदास झालं, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्याला कुणी सांगायला जाईल का की सीझर मंडळी हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच गेली, तू कशाला तोंड पाडून बसलायस? गिबनचा सोबती म्हणजे कुणी माणूस नव्हताच, वर्षानुवर्षं रोज ज्याच्याकडे परतायचं ते काम होतं. मालिका बघणाऱ्याची गोष्ट त्यापेक्षा लहान आहे हे उघड आहे, पण जातीने ती वेगळी नाही.

आता दुसऱ्या गटाकडे. यांच्या बाजूनेही सांगण्यासारखं बरंच आहे. पडद्यावरच्या माणसांशी जडणाऱ्या एकतर्फी नात्याला डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 सालीच ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं, आणि त्यानंतर यावर पुष्कळ काम झालं. 2004 मध्ये ‘फ्रेंड्स’ ही मालिका संपली तेव्हा केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. आवडत्या पात्राशी नातं जितकं घट्ट, तितका ताटातुटीचा त्रास जास्त, हे त्यात दिसलं. पण या त्रासाशी एकटेपणाचाही संबंध होता. हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. ज्याच्या दिवसात बोलायला दुसरं कुणी नाही, त्याच्यासाठी मालिका संपणं ही कलेची चर्चा नसते. रोज रात्री घरात येणारे आवाज बंद झालेले असतात. त्याला ‘हे रिकामपण अनुभवून बघ’ असा सल्ला देणं हा निव्वळ उद्धटपणा होईल. त्याला माणसं हवी आहेत.

पण तिथे मालिकेने खड्डा पाडलेला नसतो, तो आधीपासून होता. मालिकेने काही काळ त्यावर फळी टाकली होती. एकटेपणाचा प्रश्न एकटेपणाचा म्हणून सोडवायला हवा. त्यासाठी प्रत्येक प्रेक्षकाच्या हुरहुरीला आजाराचं लेबल लावायची गरज नाही, आणि तसं केल्याने खऱ्या रुग्णाचं भलंही होत नाही. डॉक्टर नैराश्याचं निदान करताना निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, एकूण जगण्यावरच पसरलेली लक्षणं बघतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगसंबंधीचा विकार आपल्या वर्गीकरणात स्वीकारला तेव्हाही निकष कडक ठेवले : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणं, नुकसान होत असूनही खेळत राहणं, आणि हे सारं साधारणपणे वर्षभर दिसणं. गेम संपवून चार दिवस उदास झालेला माणूस यात कुठे बसतो? तो तर खेळायचं थांबलेला आहे!

मग रिकामं झालं तरी काय? इथे सगळ्यांनी एकच शब्द वापरून निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. मालिकेच्या बाबतीत एक तर ठरलेली वेळ जाते. रात्रीच्या त्या तासाचं काय करायचं हे पुन्हा शिकावं लागतं. ही तशी किरकोळ गोष्ट, आठवडाभरात निभावते. खरी झळ बसते ती ‘पुढे काय’ संपल्याची. कथा चालू असते तोवर त्या माणसांना भविष्यकाळ असतो, ती आपल्याला चकवू शकतात, आपण मनातल्या मनात त्यांच्याशी पैजा लावतो. शेवटच्या दृश्यानंतर त्यांच्याकडे फक्त भूतकाळ उरतो. मालिका पुन्हा बघता येते, हवी तितक्यांदा बघता येते, पण शेवट माहीत नसलेला तो प्रेक्षक पुन्हा होता येत नाही. हे नुकसान खरं आहे, आणि काहीही केलं तरी भरून निघणारं नाही.

गेमची गोष्ट वेगळी आहे आणि या वादात तीच सर्वांत वाईट मांडली जाते. मालिका संपते तेव्हा सोबत जाते. गेम संपतो तेव्हा आपल्यातलाच कुणीतरी जातो. साठ-सत्तर तासांच्या गेममध्ये माणूस नुसतं बघत नसतो, काहीतरी जमायला शिकत असतो. अमुक शत्रू वार करण्याआधी उजवा खांदा किंचित वर घेतो, तेवढ्यात डावीकडे लोळण घ्यायची. अमुक दरी उतरायला वाट नाही, पण मागच्या कड्यावरून घसरत गेलं की बरोबर गुहेच्या तोंडाशी पोचता येतं. सुरुवातीला जिथे वीस वेळा मार खाल्ला तिथून नंतर अंगठा डोळ्यांच्या आधी हलतो. मग शेवटचा शत्रू पडतो, नावं सरकू लागतात आणि हे सगळं ज्ञान एका क्षणात कवडीमोल होतं. दुसरा गेम सुरू केला की अंगठा सवयीने जुनंच बटण दाबतो. तिथे ज्या बटणाने उडी मारली जायची त्याने इथे पिशवी उघडते, आणि तेवढ्यात कुठलातरी फुटकळ लांडगा येऊन आपल्याला मारून जातो. काल जग वाचवलेला माणूस आज पुन्हा नवशिका. याला कुणी ‘खोट्या पात्रांसाठी रडणं’ म्हणत असेल तर त्याला प्रश्नच कळलेला नाही.

हा अनुभव आपल्याला नवा वाटतो, पण महाभारताच्या मौसलपर्वातला अर्जुन आठवून बघा. कृष्ण गेला आहे, द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला आहे आणि वाटेत लुटारू गाठतात. भीष्म-कर्णांना पुरून उरलेल्या या माणसाला गांडीवाला दोरी चढवताना कष्ट पडतात, अस्त्रं आठवू म्हटली तर आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. हात तेच, धनुष्य तेच. तो व्यासांकडे जाऊन आपली दैना सांगतो, तेव्हा व्यास त्याचं सांत्वन ‘सराव कर’ असं म्हणून करत नाहीत आणि त्याला नवं युद्धही शोधून देत नाहीत. अस्त्रांचं काम झालं, ती आली तशी गेली, असं ते सांगतात. कौशल्य निकामी झालं याचा अर्थ अर्जुन नालायक ठरला असा होत नाही. ज्यासाठी ते होतं ते पार पडलं, असा होतो.

आणि हे काही कथेच्या शेवटी कसंबसं चिकटवलेलं प्रकरण नाही. युद्ध आणि त्यानंतरचा रात्रीचा संहार दहाव्या पर्वात संपतो. पुढे आणखी आठ पर्वं आहेत. विजयाची दवंडी पिटून व्यासांना थांबता आलं असतं. त्याऐवजी ते बायकांचा आक्रोश दाखवतात, राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर दाखवतात, यादवांचा आपसांतला नाश दाखवतात आणि शेवटी हिमालयाच्या वाटेवर एकेकाला पडताना दाखवतात. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त नेमका हाच प्रश्न घेतला. वृष्णी (म्हणजे यादव) आणि पांडव यांचा असा विरस शेवट करून मन खिन्न करणारी समाप्ती महामुनीने का रचली? त्याचं उत्तर असं की ती खिन्नता हेच रचनेचं उद्दिष्ट होतं. वाचकाला वैराग्याकडे न्यायचं होतं, आणि म्हणून महाभारताचा मुख्य रस शांत. हे उत्तर प्रत्येकाने मान्य करावं असं नाही. आजची एखादी गुप्तहेरांची मालिका मोक्षाकडे नेते असा माझा दावा नाही, नाहीतर एव्हाना अर्धं जग मुक्त झालं असतं. आनंदवर्धनाकडून मला एवढंच घ्यायचं आहे की कथा संपल्यावर वाचकाच्या मनाचं काय होतं, हा त्याने कथेच्या रचनेचा प्रश्न मानला. त्याने वाचकाला रोगी ठरवलं नाही, खुळाही ठरवलं नाही.

चांगल्या कर्त्यांना हे अजूनही कळतं. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये जिच्यासाठी सगळा प्रवास चाललेला असतो ती अंगठी नष्ट होते ती शेवटच्या, म्हणजे सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात. त्यानंतरची सहा प्रकरणं मुख्यतः परतीची आणि निरोपाची आहेत. 1994 च्या ‘मदर 2’ या जपानी गेममध्ये शेवटचा शत्रू हरल्यावर खेळाडूला घाई कसलीच नसते; सगळ्या गावांतून पुन्हा हिंडावं, ओळखीच्या माणसांशी बोलावं, मैत्रिणीला तिच्या घरी पोचवावं आणि मग आपलं घर गाठावं. याउलट 2017 चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ बघा. गेम म्हणून तो अप्रतिम आहे, पण शेवटच्या लढाईनंतर तो खेळाडूला पुन्हा लढाईच्या आधीच्या क्षणी आणून सोडतो. आपण जिंकलो होतो याची खूण म्हणून सेव्ह फाइलवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळावर, एक तारा तेवढा उरतो. यामागे व्यवहार आहे, हे मान्य. राहिलेल्या गुहा, राहिलेली कोडी खेळाडूला पूर्ण करायची असतात. पण ज्या राज्यासाठी एवढा जीव काढला ते सुटलेलं राज्य हिंडून बघायला मिळतच नाही.

इथपर्यंत निदान शेवट तरी आहे. खरा घोळ पुढे आहे. शेवटचं दृश्य संपतं, पडदा काळा होतो, पहिलं नाव येतं, संगीतकाराने खास या क्षणासाठी बांधलेली धून सुरू होते, आणि अर्ध्या मिनिटात चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं. उरलेल्या पडद्यावर कुणा भलत्याच मालिकेचा चेहरा येतो, शेजारी आकडे उलटे मोजले जाऊ लागतात. डोळे पुसायला घेतलेला हात रिमोटकडे न्यावा लागतो, तोही आहे तिथेच राहण्यासाठी! ही रचना कुणीतरी विचारपूर्वक केलेली आहे. रिकामा प्रेक्षक उठून जाऊ शकतो, म्हणून तो रिकामा होऊ द्यायचा नाही. बिंजचं, म्हणजे सलग एपिसोड बघत सुटण्याचंही तसंच. 2013 मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही एपिसोड एका दिवशी खुले केले आणि मालिका एका दमात संपवणं हे सुखाचं माप ठरलं. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला : एकच मालिका काहींना सलग, काहींना रोज एक, काहींना आठवड्याला एक अशी दाखवली. सलग बघणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी ती सर्वांत चांगली आठवत होती, पण विसरलेही तेच लवकर, आणि मालिकेची मजाही त्यांनाच कमी आली. काही डझन विद्यार्थ्यांवरच्या एका प्रयोगावर इमला बांधू नये. तरी निष्कर्ष विचित्र वाटत नाही. दोन एपिसोडांमधल्या आठवड्यात प्रेक्षक कथेवर स्वतः काम करत असतो. ती जागाच काढून घेतली, तर शेवटी उरतं ते नुसतं संपणं. न संपणाऱ्या ऑनलाइन गेम्सबद्दल तर बोलायलाच नको. तिथे शेवट नसतोच. एके दिवशी खेळाडूला कंटाळा येतो किंवा कंपनी सर्व्हर बंद करते.

यावर सर्वांत चोख प्रतिवाद शेरलॉक होम्सचा आहे. डिसेंबर 1893 मध्ये कॉनन डॉइलने होम्सला धबधब्यात लोटला. वाचक भडकले, पत्रं आली, मासिकाच्या वर्गण्या बंद झाल्या. 1901 मध्ये डॉइलने होम्सच्या आधीच्या काळातली एक गोष्ट सुरू केली, 1903 मध्ये त्याला जिवंतच करून टाकला आणि 1927 पर्यंत त्याच्या कथा येत राहिल्या. म्हणजे शेवट नको ही मागणी लोकांचीच आहे, कंपन्या फक्त ती पुरवतात. आणि पुरवल्याने काही बिघडत नाही, उलट काही उत्तम कथा पदरात पडल्या. बरोबर आहे. मी कुणाचं पुनरागमन बंद करायला निघालेलो नाही. पण मधली आठ-दहा वर्षं विसरू नका. त्या काळात वाचकांनी जुन्या कथा पुन्हा वाचल्या, वाद घातले, होम्स रंगभूमीवर गेला. पुढच्याच महिन्याच्या अंकात तो धबधब्यातून कपडे झटकत वर आला असता, तर ते मासिकाचं नेहमीचं पान ठरलं असतं. त्याच्या परतण्याला किंमत आली ती रिकाम्या गेलेल्या वर्षांमुळे. शिवाय मागणी होती ती होम्सची. त्याच्या जागी चौथ्या सेकंदाला भलताच गुप्तहेर आणून बसवा, असं कुणीही म्हटलं नव्हतं.

लोकांना शेवट सोसत नाही, हे विधानही तपासून घ्यावं. 2017 च्याच ‘निअर ऑटोमाटा’ या गेमच्या अखेरच्या शेवटात नावांची यादीच शत्रू होऊन खेळाडूवर गोळ्या झाडते आणि एकट्याने ती पार करणं जवळजवळ अशक्य असतं. वारंवार हरल्यावर इतर खेळाडूंची मदत येते. जिंकल्यावर गेम विचारतो : तुझी सगळी सेव्ह पुसून टाकून, तू कधीच न भेटलेल्या कुणाला अशीच मदत करशील का? तो माणूस तुला न आवडणाराही असू शकतो, हेही बजावतो. हो म्हटलं की शस्त्रं, नकाशा, गोळा केलेल्या वस्तू, सगळी पानं डोळ्यांदेखत एकेक करून पुसली जातात. म्हणजे खेळाडूला ज्या रिकामपणापासून वाचवायला हवं असं सगळे धरून चालतात, ते इथे त्याच्यासमोर ठेवून ‘घेणार का?’ असं विचारलं जातं. पडद्याआडून ज्याने कुणी येऊन मदत केली, त्या प्रत्येकाने आधी आपली सेव्ह गमावलेली असते.

तेव्हा मागणी साधी आहे. नावं पूर्ण सरकू द्यावीत, धून पूर्ण वाजू द्यावी. पुढचं लावण्यासाठी आकडे मोजायचेच असतील तर ते प्रेक्षकाने बटण दाबल्यावर सुरू व्हावेत. थांबवण्यासाठी बटण शोधायची पाळी त्याच्यावर येऊ नये. आणि ज्याला लगेच पुढचं हवंच आहे, त्याला ते एक बटण दाबायला असा किती वेळ लागणार आहे?